तांबड्या शिडाला शून्य

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चंद्रप्रकाशकाकांचा गाळा होता. आठवडाभर तिथे फाटके स्पीकर आणि जळके अॅम्प्लिफायर दुरुस्तीला यायचे. रविवारी सकाळी शेजारचे गाळे बंद असले की तिथे गाण्याचे पाच वेडे जमायचे. दर रविवारी एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं आपलं सगळ्यात लाडकं गाणं आणायचं, काकांच्या मोठ्या स्पीकरवर सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचं, आणि मग बाकीच्या चौघांनी दहापैकी गुण द्यायचे. नलिनीताई म्युनिसिपल शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्या गुण वहीत उतरवायच्या आणि त्याखाली ज्याचं त्याचं मत लिहायच्या. कारणाशिवाय गुण नाही, एवढा एकच नियम. पण त्यात सवलत नव्हती.

श्वेता तावडेला तिथे किरणनं आणलं होतं. दोघं कांदिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. ती रक्त काढायची, तो घरोघर जाऊन सॅम्पल गोळा करायचा. श्वेता सदतीस वर्षांची, आईबरोबर चारकोपच्या सेक्टरातल्या बैठ्या घरात राहणारी, कमी बोलणारी. लॅबमध्ये तिच्या हाताचं नाव होतं. रडणाऱ्या पोराची शीरसुद्धा तिला पहिल्या टोचणीत सापडायची. रविवारचे ते दोन तास तिला फार आवडायचे. आपल्याला काय आवडतं हे कुणीतरी विचारतंय आणि वहीत लिहून घेतंय, असं तिच्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

पाचवा हर्षद. पंचेचाळिशीचा, इस्टेटमध्येच मशीनचे पार्ट विकायचा, आणि लग्नाच्या नि गणपतीच्या सीझनला बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. कान तयार होता त्याचा, तेवढीच जीभही. किरणनं एकदा आपल्या वडिलांचं गाणं आणलं होतं. भाऊरावांची घाटकोपरला गायन पार्टी होती. बाबासाहेबांवरचं गाणं, कुणीतरी टेपवर घेतलेलं, मागे टाळ्या आणि कुत्र्याचं भुंकणं. गाणं कुणाचं ते किरणनं सांगितलं नव्हतं.

"तीन," हर्षद म्हणाला होता. "वस्तीतल्या लाऊडस्पीकरचं गाणं आहे हे. गातोय कुठे? ओरडतोय नुसता."

किरण हसला. "बाप आहे माझा," एवढंच म्हणाला. नलिनीताईंनी पेन थांबवलं. हर्षदनं खांदे उडवले. "बाप असला म्हणून सूर लागतो काय? नियम म्हणजे नियम." किरण पुन्हा हसला, पण त्यानंतर दोन रविवार तो आला नाही. श्वेताला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या माणसाच्या तोंडात मारायला हवं होतं. पण असलं तिला आयुष्यात कुणाबद्दल फारसं वाटायचं नाही, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

मग हर्षदची पाळी आली. त्या सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. "आज नीट कान उघडून बसा," म्हणाला. "कोळीगीतं काढणाऱ्या एका कंपनीची कॅसेट होती, पाचपन्नास विकल्या गेल्या असतील. कुणाकडे मिळायची नाही."

काकांनी गाणं लावलं. आधी नाल, मग बेंजो. बेंजोचा तो चढत जाणारा तुकडा सुरू झाला आणि श्वेतानं तो ओळखला. गाणं होतं 'तांबड्या शिडाचं गलबत'.

ती नऊ वर्षांची होती. गिरणी बंद पडल्यावर तिचे वडील, अनंत तावडे, लालबागची खोली विकून चारकोपला आले आणि एका सोसायटीत वॉचमन झाले. घराघरांमध्ये एकाच विटेची भिंत. खोकलं तरी पलीकडे ऐकू जायचं. आमटीत मीठ जास्त, बायको दारात कुणाशी हसली, एवढं निमित्त पुरायचं, नाहीतर काहीच नाही. अनंता आधी दाराची कडी लावायचा, मग खिडकी ओढायचा, मग पोरीकडे न बघता म्हणायचा, "श्वेते, गाणं लाव."

ती स्टुलावर चढून कॅसेट घालायची. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं. "मोठ्यान." ती बटण पुरं फिरवायची. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तिला दिसायचं नाही, पण समजायचं सगळं, कारण अनंता तालात मारायचा. नालेवर जोराचा ठोका पडला की त्याचा हात पडायचा. बेंजोच्या तुकड्यात तो थांबून दम खायचा, आणि ध्रुवपद आलं की पुन्हा. आई ओरडायची नाही, नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज यायचा. एकदा त्या आवाजाबरोबर काटकी मोडावी तसं काहीतरी ऐकू आलं. ते आईच्या खांद्याचं हाड होतं. ते वाकडंच जुळलं. शेजारची शकुकाकी नळावर म्हणायची, "अनंताक गाण्याचो नाद भारी हां!" आणि भांडी घासत राहायची.

गाळ्यातलं गाणं संपलं. अनंता मरून सहा वर्षं झाली होती, आणि कॅसेट तुटल्यापासून पंचवीसेक वर्षांत श्वेतानं ते गाणं ऐकलं नव्हतं.

"नऊ," काका म्हणाले. "नालवाल्याचा हात काय आहे!"

"आठ," नलिनीताई म्हणाल्या. "शब्द साधे, पण चाल विसरणार नाही."

किरणनंही मन मोठं केलं. "नऊ. आणि एक गेला तो तुमच्या तोंडामुळे," तो हर्षदला म्हणाला. सगळे हसले.

"श्वेता?"

"शून्य."

नलिनीताईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "किती गं?"

"शून्य लिहा."

हर्षदचं हसू गेलं. "कारण?"

"कारण नाही."

"असं कसं? दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी कारणं दिली. सूर वाईट आहे? ताल सुटलाय? शब्द घाण आहेत? बोल की."

"हर्षददा, शून्य लिहू द्या. विषय सोडा ना."

"विषय सोडा?" हर्षद उभा राहिला. त्याच्या गळ्याची शीर फुगली होती. "त्यात बेंजो कोण वाजवतंय माहितीय तुला? मी. सतरा वर्षांचा होतो. आयुष्यात एकदाच रेकॉर्डिंगला बसलो. माझं नावसुद्धा छापलं नाही त्यांनी कॅसेटवर. आणि तू मला शून्य देतेस? तुला काय कळतं गं गाण्यातलं? रक्त काढणारी बाई तू!"

"हर्षद, बस खाली," काका म्हणाले.

"नाही काका. हिनं नीट ऐकलंच नाही. परत लावतो. परत ऐक आणि मग बोल." त्यानं हात लांब करून गाणं पुन्हा सुरू केलं आणि बटण पुरं फिरवलं.

नाल सुरू झाली. गाळ्याचा पत्रा थरथरायला लागला. श्वेता उठली आणि शटरकडे निघाली. हर्षदनं तिचं मनगट धरलं. "बस. पाच मिनिटं बस!"

"सोडा."

"कारण सांग, सोडतो!"

त्यानं तिला मागे ओढलं. ती कामाच्या टेबलावर आपटली. टेबलावर एका मोठ्या स्पीकरचं उघडं मॅग्नेट पडलं होतं. भाकरीएवढं काळं, जाड कडं, दोनेक किलोचं. तिच्या मोकळ्या हाताला ते लागलं, बोटं मधल्या भोकात गेली.

पहिला फटका हर्षदच्या डाव्या कानावर बसला. तो ओरडलाही नाही, नुसता वाकडा झाला आणि त्यानं तिचं मनगट सोडलं. मग त्याला कळलं काय झालं ते. त्यानं मूठ वळून तिच्या तोंडावर मारली. तिचा वरचा ओठ दातावर फाटला, तोंड खारट झालं. ती पडली नाही. तिनं मॅग्नेट दोन्ही हातांत धरलं आणि वरून खाली आणलं. त्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. तो आवाज तिनं ओळखला.

हर्षद गुडघ्यांवर आला. कानातून रक्त मानेवर उतरत होतं, इस्त्रीच्या कॉलरमध्ये जात होतं. त्यानं डावा हात डोक्यावर धरला होता, बोटं पसरून, लहान मूल धरतं तसा. "नको," तो म्हणाला. "अगं, नको ना."

बेंजोचा तुकडा संपला. ध्रुवपद आलं. नालेवर ठोका पडला आणि श्वेतानं मारलं.

त्याच्या बोटांवर. दोन बोटं मागच्या बाजूला वळली. चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा किरणनं मागून तिला कवेत धरून उचललं. काकांनी धडपडत प्लग ओढला. एकदम शांत झालं. त्या शांततेत हर्षद फरशीवर गाल टेकून कुत्र्यासारखा केकाटत होता, आणि नलिनीताई भिंतीला चिकटून "बाई गं, बाई गं" म्हणत होत्या.

श्वेतानं आपल्या हातांकडे पाहिलं. ते जराही थरथरत नव्हते. आपण ठोक्यावर मारलं हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिथेच, अॅम्प्लिफायरच्या ढिगावर, ती ओकली.

पुढचे दोन तास धावपळीत गेले. काकांनी हर्षदला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथून पोलिसांना कळवलं गेलं. किरण श्वेताला घेऊन चौकीवर गेला. तिचं नाव, पत्ता, आधार कार्ड घेतलं गेलं. मेडिकल तपासणीत तिच्या ओठाला तीन टाके पडले. हवालदार म्हणाला, "मारहाणीचा गुन्हा लागणार बाई, हाडं मोडलीत. मंगळवारी जबाबाला या. गाव सोडायचं नाही."

ती घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. आई, रत्नप्रभाबाई, मोरीत बसून बांगडे साफ करत होती. तिनं मान वर केली आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"कोणी मारल्यान तुका?"

श्वेतानं सगळं सांगितलं. गाण्याचं नाव सांगताना ती अडखळली, पण सांगितलं. रत्नप्रभाबाईंनी हात धुतले, बर्फ फडक्यात बांधला आणि लेकीच्या ओठाला लावला.

"आई, आवाज मी मोठा करायचे," श्वेता म्हणाली. हे तिनं अठ्ठावीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं. "ते लाव म्हणायचे आणि मी लावायचे. एकदाही नाही म्हटलं नाही."

"माका म्हायत हा. तुझी बोटां थरथरायची. मी बघी." आईनं फडकं जरा सरकवलं. "खराच सांगू, बाय? माका तां गाणा बरा वाटायचा."

श्वेता तिच्याकडे बघतच राहिली.

"गाणा लागला की कळायचा, आता पाचच मिनटां. संपला की तो दमायचो, थांबायचो. गाणा नसताना मारूक लागलो तर कधी थांबतलो ह्या कोण सांगतला? तू लावलंस की मी देवाचे उपकार मानी."

बर्फाचं पाणी श्वेताच्या हनुवटीवरून गळत होतं. तिला रडू यायला हवं होतं, आलं नाही. आई हळूच म्हणाली, "त्या माणसान हात धरलो, तू मारलंस. ता माका समजता. पण तो खाली पडलो तेव्हा?"

श्वेतानं नजर मोरीतल्या बांगड्यांकडे वळवली.

"खाली पडल्यावर पण मारलंस?"

तिनं मान हलवली, हो म्हणून. रत्नप्रभाबाईंनी बर्फाचं फडकं तिच्या हातात दिलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. मोरीच्या कठड्याला पाठ लागली तेव्हा थांबल्या. त्यांचा एक हात आपोआप छातीशी आला होता, कोपर पोटावर, तळवा चेहऱ्यापुढे. श्वेतानं ती उभं राहण्याची पद्धत ओळखली. आजवर आई असं फक्त एकाच माणसासमोर उभी राहिली होती.

त्या संध्याकाळी बांगडे तसेच राहिले.

सोमवारी श्वेता हॉस्पिटलात गेली. किरणनं फोनवर शंभरदा सांगितलं, "वेडी झालीस काय? तू आरोपी आहेस, तो फिर्यादी. वाट लागेल तुझी." तरी ती गेली. नलिनीताई सोबत आल्या, वॉर्डाच्या दारात थांबल्या.

हर्षदचं डोकं बांधलेलं होतं. खांदा पट्ट्यात, डावा हात प्लास्टरमध्ये. त्याची बायको दर्शना पलंगाशी बसली होती. श्वेताला बघून ती ताडकन उठली. "निघ इथून. निघ, नाहीतर मी ओरडेन."

"राहू दे," हर्षद म्हणाला. तो उजवा कान तिच्याकडे वळवून बोलत होता. "काय पाहिजे तुला?"

"कारण सांगायला आले."

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. कडी, खिडकी, स्टूल. कॅसेटची पहिली बाजू. दर्शना हळूहळू खाली बसली. हर्षद छताकडे बघत ऐकत होता. ती थांबल्यावर त्यानं एकच विचारलं.

"बेंजोच्या तुकड्याला?"

"तेव्हा ते थांबायचे. दम खायचे."

त्याचा चेहरा वाकडा झाला. तो रडत होता की दुखत होतं ते तिला कळलं नाही. "हा कान गेला," तो म्हणाला. "पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणतात, थोडंफार येईल. बोटांचं सांगता येत नाही. बेंजोच्या पट्ट्या याच हाताखाली असतात." मग तिच्याकडे बघून, "तेव्हा बोलली असतीस तर मी गाणं बंद केलं असतं."

"तुम्ही मनगट सोडलं असतंत तर मी बाहेर गेले असते."

"हो," तो म्हणाला. "पण तक्रार मागे घेणार नाही मी."

"घेऊ नका."

दर्शनानं तोंड फिरवलं. श्वेता निघाली.

मंगळवारी चौकीच्या बाहेर किरण वाट बघत होता. त्याचा जबाब झाला होता. त्यानं तिला बाजूला, पानाच्या टपरीमागे नेलं.

"ऐक. मी सांगितलंय की तो तुझ्या अंगावर येत होता. तिन्ही वेळा. काकाही तेच म्हणालेत. आधी त्यानं धरलं, त्यानं ओढलं, त्यानं तोंड फोडलं. तू स्वतःला वाचवत होतीस. बस, एवढंच बोल. वकील म्हणतो, सुटशील."

"तो गुडघ्यांवर होता किरण. नको म्हणत होता."

"ते तुला माहीत, मला माहीत. कागदाला कशाला सांगायचं?" किरणचा आवाज चढला. "माझ्या बापाला काय काय बोलला तो! मी गिळलं. आता तू त्याच्यासाठी जेलमध्ये जाणार?"

श्वेतानं त्याच्या दंडावर हात ठेवला. किरण किंचित दचकला. त्याचं त्यालाच वाईट वाटलं, त्यानं नजर वळवली. पण तिनं ते पाहिलं होतं.

आत महिला अधिकारी जबाब टाइप करून घेत होत्या. श्वेतानं पहिल्यापासून सांगितलं. मनगट, टेबल, मॅग्नेट, कान. तिच्या तोंडावर बसलेली मूठ. खांदा. अधिकारी बाई मान हलवत होत्या. त्यांचा कल तिच्या बाजूनं दिसत होता.

"मग तो परत अंगावर आला?"

"नाही. तो खाली बसला होता. डोक्यावर हात धरून. मी तेव्हा मारलं."

टाइपिंग थांबलं. "मॅडम, साक्षीदार वेगळं सांगतायत. एकदा लिहिलं की पुसता येत नाही. विचार करून बोला."

"केलाय विचार. माझ्या वडिलांनी आईला वीस वर्षं मारलं, आणि कधी म्हणाले नाहीत की मी मारलं. पडली, घसरली, असंच म्हणायचे. तुम्ही लिहा. मी मारलं."

बाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लिहिलं.

केस बोरिवलीच्या कोर्टात उभी राहिली. लॅबनं श्वेताला काढलं. गुन्हा असलेली बाई सुया घेऊन पेशंटजवळ कशी जाणार? काकांनी रविवारचं जमणं बंद केलं. किरण महिनाभर रुसला, मग जामिनाच्या वेळी तोच उभा राहिला. आई मात्र घरात तिच्यापासून हातभर लांब वावरायची. ताट वाढून सरकवायची, हातात द्यायची नाही. श्वेतानं कधी तक्रार केली नाही. कुठलीही वस्तू उचलताना ती आधी आवाज करायची, म्हणजे आई दचकणार नाही.

केसच्या पहिल्या तारखेला रत्नप्रभाबाई न सांगताच चपला घालून तयार झाल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर त्या श्वेतापासून एक जागा सोडून बसल्या. समोरच्या बाकावर हर्षद होता, दर्शनाबरोबर. तासभर नावं पुकारायची वाट बघण्यात गेला.

मग रत्नप्रभाबाई उठल्या आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी हिची आवस," त्या त्याच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाल्या. "बोटां हलतत?"

हर्षदनं डावा हात पुढे केला. एक बोट अर्धं वाकत होतं, दुसरं ताठ होतं. रत्नप्रभाबाईंनी ते ताठ बोट आपल्या दोन बोटांत धरलं आणि सावकाश, सांध्याजवळ, दाबत राहिल्या. त्याला दुखलं. तो दातांतून श्वास ओढत होता, पण त्यानं हात काढून घेतला नाही.

"रोज सकाळी कोमट तेल लाव," त्या म्हणाल्या. "दुखला तरी लाव. मी लावूक नाय, म्हणान माझो खांदो असो रवलो."

आतून शिपायानं नावं पुकारली.